हंगेरियन बस्ता

एका जुन्या हंगेरियन सिनेमामुळे तलवाड्याची मुलगी आणि चकलांब्याचा मुलगा यांचं लग्न मोडता मोडता राहिलं. तो सिनेमा मी लावला होता.

गेवराईत आमचं कापडाचं दुकान आहे. पदवी झाल्यापासून मी तिथे बसते. ‘बसते’ हे क्रियापद अगदी नेमकं आहे, कारण त्याखेरीज मी काही करत नाही. गिऱ्हाइकाने भाव विचारला की मी किमतीच्या चिठ्ठीकडे बोट दाखवते. एकदा एका बाईंनी माझ्या ओढणीचं टोक चिमटीत धरून, कापड चोळून बघून आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, विचारलं, “ही केवढ्याला दिली?” त्यांना मी दारातली पुतळी वाटले होते. मी तेव्हाही काही बोलले नाही. (बोलले असते तर त्या बाई दगावल्या असत्या.)

अशा माणसाला परदेशी जुने सिनेमे फार जवळचे वाटतात. त्यातही माझी आवड जरा कडक आहे. ज्या सिनेमात बर्फ पडतो, कुणी कुणाशी धड बोलत नाही आणि शेवटी नेमकं काय झालं ते दिग्दर्शकालाही सांगता येत नाही, तो सिनेमा मी डोक्यावर घेते. माझ्यासारखीच काही माणसं इंटरनेटवर भेटली. आम्ही एकमेकांचे चेहरे पाहिलेले नाहीत, पण साठच्या दशकातली एखादी बाई खिडकीतून अमुक वेळ बाहेर का बघते यावर आम्ही महिनोन्‌महिने भांडतो. तिथे माझ्या शब्दाला वजन आहे. इथे आमच्या दुकानातल्या वजनकाट्यालाही माझ्यापेक्षा जास्त वजन आहे. (आणि कापडाच्या दुकानात वजनकाटा कशाला लागतो, हे मला आजवर कळलेलं नाही.)

तर त्या दिवशी त्या लग्नाचा बस्ता होता. मे महिना, दुपार, आणि दोन जीपा भरून माणसं. बस्त्याला दोन्हीकडची मंडळी एकत्र येतात, गादीवर समोरासमोर बसतात आणि एकमेकांच्या आवडीनिवडीबद्दल आयुष्यभर पुरेल एवढा राग गोळा करून घरी जातात. डावीकडे तलवाड्याची मंडळी, म्हणजे नवरीची. त्यांच्या पुढारी केसरआत्या, नवरीची आत्या. उजवीकडे चकलांब्याची, नवऱ्या मुलाची. त्यांचा सगळा कारभार मुलाच्या मामांकडे. नवरी मनीषा खाली मान घालून बसली होती. नवरा मुलगा भिंतीला टेकून वर पंख्याकडे बघत होता. लग्न या दोघांचं असल्याने त्यांना कुणी काही विचारत नव्हतं.

“शालू लालच पायजे,” आत्या म्हणाल्या.

“हिरवा. आमच्यात हिरवाच ऱ्हातो,” मामा म्हणाले.

आप्पा दोन्ही रंगांचे ढीग उलगडत होते आणि दोघांनाही “बरोबर हाय” म्हणत होते. हा बस्ता त्यांच्यासाठी साधा नव्हता. समोर रस्त्यापलीकडे तीन मजली नवं दुकान झालं होतं. काचेची दारं, आत गारेगार हवा. त्या हंगामात आमची जुनी गिऱ्हाइकं एकेक करून ती काच ढकलून आत गेली होती. हा एवढा मोठा बस्ता तरी आपल्याकडे बांधला जावा म्हणून आप्पांनी सकाळीच कपिलधारच्या देवस्थानाच्या बाजूला तोंड करून हात जोडले होते. आमचा कूलर मात्र गरम हवा इकडची तिकडे करत होता. मंडळी घामाघूम झाली होती आणि मामांची नजर सारखी त्या काचेकडे जात होती.

त्यात दुकानातल्या टीव्हीचं रिचार्ज संपलं. मालिका बंद पडली, बायकांनी माना वळवल्या, मुलं रडायला लागली.

“गिरजे,” आप्पा दबक्या आवाजात म्हणाले, “कायतरी लाव पटकन. आता ही माणसं उठली की गेलीच म्हणून समज!”

मी माझा मोबाइल टीव्हीला जोडला. देवाची गाणी लावायची होती, खरंच. पण आदल्या रात्री मी माझा लाडका हंगेरियन सिनेमा कितव्यांदा तरी सुरू केला होता आणि सुरुवातीची नावं संपायच्या आत मला झोप लागली होती. (हा सिनेमाचा दोष नाही.) बोट भलतीकडे पडलं आणि भिंतीवर एकदम बर्फच बर्फ. काळीपांढरी शेतं, एक लहानसं रेल्वे स्टेशन, वारा. मी घाईघाईने बंद करायला गेले.

“ऱ्हाऊ द्या, ऱ्हाऊ द्या!” मामा म्हणाले. “बघूनच गार वाटायलंय.”

सगळी उजवी बाजू सरसावून बसली. डावीही. आप्पांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी कूलरच दुरुस्त केला.

पडद्यावर नायिका आली. स्टेशनमास्तरची नवी बायको. ती दोरीवरची चादर काढते, तर चादर गोठून पत्र्यासारखी कडक झालेली. आमच्या इंटरनेटच्या मंडळींच्या मते ही चादर म्हणजे तिचा गोठलेला संसार आहे.

“खळ लई झाली,” केसरआत्या म्हणाल्या.

“व्हय ना, मोडंल की कापड!” दुसऱ्या बाईंनी दुजोरा दिला.

“आपल्याकडं बिनखळीच्या हायत, दाखवू का?” आप्पांनी तेवढ्यात चादरींचा गठ्ठा खाली ओढला. आणि चक्क विकल्या!

मग नायिका बोलली. आत्यांनी कान टवकारले.

“कोणची भाषा म्हणायची ही?”

“हंगेरियन,” मी पुटपुटले.

“आन् खाली काय लिव्हलंय?”

“इंग्रजीत अर्थ आहे.”

“मंग सांग की! इंग्रजी शाळंत गेलतीस ना तू? पोथीवानी सांग. ती बोलली की तू आर्थ सांगायचा. सरक गं, पोरीला म्होरं बसू दे.”

मी आप्पांकडे पाहिलं. ते नाही म्हणतील अशी आशा होती. ते म्हणाले, “सांग बाळा. बस्ता हाय.”

अशी मी टीव्हीखाली, तीसेक माणसांसमोर, मांडी घालून बसले. नायिकेने पहिलं वाक्य म्हटलं आणि मी त्याचा अर्थ सांगितला.

“ती म्हणतेय... थंडी आहे.”

“ते दिसतंयच!” आत्या म्हणाल्या.

सुरुवात बरी गेली. पण त्या सिनेमात आनंदी असं काही नाही, हे मला पहिल्यांदाच त्या दिवशी जाणवलं. त्यात एक सासू आहे, ती सारखी टेबलाशी बसून चमचा वाजवते. नवरा येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांकडे बघतो, बायकोकडे नाही. थोड्याच वेळात नायिका रडू लागली आणि खाली अक्षरं उमटली. सरळ मराठीत त्याचा अर्थ होता, ‘लग्न झालं त्या दिवशीच मी या घरात मेले.’

डावीकडे बघितलं, नवरी. उजवीकडे बघितलं, नवऱ्याचे मामा. मध्ये हिरवे-लाल शालू आणि आप्पा.

“ती म्हणतेय,” मी म्हणाले, “लग्न झाल्यापासून या घरात मला अगदी शांत झोप लागते.”

“मंग रडायली कावून?”

“सुखाने.”

“येवढं?”

“युरोपात सुखाने जास्त रडतात.”

मामांनी मान डोलावली. “थंड मुलूख हाय. आसंल.”

एकदा खोटं पचलं म्हटल्यावर मला कंठ फुटला. सासूने हाक मारली, ‘आळशी बाई!’ मी सांगितलं, “ये बाळा, जेवून घे.” नवरा म्हणाला, ‘डोकं खाऊ नकोस.’ मी सांगितलं, “दमलीस का?” उजवी बाजू खूश. “बघा, कशी सोन्यासारखी माणसं!” मामा म्हणाले आणि त्यांनी स्वतःसाठी फेट्याचं कापड बाजूला काढलं. आप्पांचा चेहरा असा फुलला होता की मी आणखी दोनचार सासवा सुधारल्या असत्या.

एवढ्यात पडद्यावर गळ्यात पेटी अडकवलेला तो अकॉर्डियनवाला आला. मी त्याला पार विसरले होते! तो येतो, स्टेशनवर थांबतो, आणि नायिका सिनेमाभरात प्रथमच हसते.

“ह्यो कोण?” आत्यांनी विचारलं.

“भाऊ,” मी म्हटलं.

“सख्खा?”

“चुलत.”

पुढच्याच प्रसंगात चुलतभावाने तिचा हात हातात घेतला. चालून गेलं असतं. मग त्याने तिची हनुवटी धरली, चेहरा जवळ आणला आणि तो तिच्या ओठांकडे एकटक बघू लागला. हा क्षण फार लांबलचक आहे. (आमच्यात तो अप्रतिम मानतात.) मी ताडकन उठले आणि टीव्हीच्या आडवी उभी राहिले.

“आगं सरक की मधून!”

“तो... दात तपासतोय,” मी म्हणाले.

“आं?”

“डॉक्टर आहे तो. दातांचा.”

“आत्ता तर चुलतभाऊ म्हणलीस!”

“चुलतभाऊच दातांचा डॉक्टर आहे. आणि पेटी वाजवायचा छंद आहे.”

“शिकल्यालं घराणं दिसतंय,” मामा आदराने म्हणाले.

मी घामाने निथळत खाली बसले. मनीषाने एकदाच मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. तिच्या मांडीजवळ कुणीतरी नको म्हणून सारलेला एक जांभळा शालू पडला होता, त्याच्या काठावरून ती बोट फिरवत होती. मला तेव्हा काही कळलं नाही. मी सिनेमाच्या शेवटाच्या धास्तीत होते.

शेवट असा : नायिका कोट घालते, लहानशी बॅग उचलते आणि दारात थांबून नवऱ्याला एकच वाक्य बोलते. मग बर्फातून चालत राहते, ठिपका होईपर्यंत.

नायिका दारात थांबली. बोलली.

“ती म्हणतेय,” मी आता सराईतपणे सांगितलं, “जरा बाजारात जाऊन येते, काही आणायचंय का?”

ती बर्फातून चालू लागली. चालतच राहिली.

“बाजार लांब दिसतोय,” मामा म्हणाले.

“बाजारात नाही चालली ती.”

हा आवाज मनीषाचा होता. दोन्ही जीपांतल्या माणसांनी बहुधा तो पहिल्यांदाच ऐकला.

“खाली लिहिलंय, मी चालले, माझं ताट वाढू नका.”

“घर सोडून?” आत्यांचा हात छातीवर गेला.

“हो.”

“आन् त्यो डाक्तर?”

“डॉक्टर नाही तो.” मनीषाने मान आणखी खाली घातली. “भाऊपण नाही.”

“आगं बया!”

त्यानंतर जे झालं त्याला काही क्रम नव्हता. मामा उभे राहिले. “बस्त्याच्या दिवशी घर सोडायचं शिकवता व्हय पोरीला?”

“सासूनं धड जगू दिलं असतं तर गेली असती का ती?” आत्याही उभ्या राहिल्या.

“कोणच्या सासूला म्हणायल्या तुमी?”

“जिला लागलं तिला!”

“आमच्या ताईनं कधी चमचा सुदिक वाजवला न्हाई! चला रे, उठा! खरेदी समोर करू. आन् लग्नाचं घरी जाऊन बघू!”

“बघा की! पोरगी आमची हाय, पत्रिका अजून छापायच्यात!”

आप्पा दोन्ही हातांत एकेक शालू धरून मध्ये उभे होते, वाहतूक थांबवणाऱ्या पोलिसासारखे. “अहो सिनेमा हाय तो... जुना हाय... त्यातली माणसं कवाच वारली असतील...” कुणी ऐकेना. मी मोबाइल ओढून टीव्ही बंद केला. त्यामुळे बर्फ गेला, आणि राहिलेला थंडावाही गेला.

मामांनी भाच्याच्या दंडाला धरलं. “ऊठ बे!”

भाचा उठला नाही.

“मनीषा,” तो म्हणाला. त्याने तिला नावाने हाक मारली हा एक धक्का, आणि त्याला आवाज आहे हा दुसरा. “तुला त्यो जांभळा पायजे ना? मगाधरनं हात फिरवायलीस त्याच्यावर. मी बघायलोय.”

“तू तर पंखा बघायलतास!” मामा म्हणाले.

“पंख्यात बघण्यासारखं काय हाय, मामा?”

मनीषाने मान वर केली. नुसती केली नाही, तशीच ठेवली. “हो,” ती म्हणाली. “जांभळाच.”

केसरआत्यांनी त्या मुलाला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मग धपकन खाली बसल्या. “मुकं न्हाई म्हणजे पोरगं! मला तर त्या स्टेशनमास्तरावानीच वाटलं होतं. मालक, जांभळा बांधा. आन् ह्यांच्या मामाला च्या सांगा, तापल्यात.”

मामा उभेच होते. मग त्यांनी समोरच्या काचेकडे पाहिलं, भाच्याकडे पाहिलं, आणि ते बसले. “हिरवा पुजेला ऱ्हाऊ द्या,” ते म्हणाले.

“लाल हळदीला,” आत्या म्हणाल्या.

आप्पांनी तिन्ही शालू असे झटपट बांधले की गाठीवर गाठ बसली!

निघताना आत्या माझ्यापाशी थांबल्या. पोथी सांगणाऱ्याला द्यावा तसा एक खण आणि नारळ त्यांनी माझ्या हातात ठेवला आणि पाठीवरून हात फिरवला. “गुणाची हायस. मन लावून सांगितलंस. पण पोरी, खरं सांगू का? इंग्रजी लई कच्चं हाय तुझं. आमची मनीषा झेडपीच्या शाळंत शिकली, तिला येतंय आन् तुला न्हाई! शिकवणी लाव.”

खरं काय ते सांगायचं, तर मी तासभर जाणूनबुजून खोटं बोलत होते हे कबूल करायला हवं होतं. मी मान हलवली. आप्पांनी बालवाडीपासून माझी फी भरलेली आहे. ते गल्ल्यावरून माझ्याकडे बघत होते, फसवल्या गेलेल्या माणसासारखे.

रिचार्ज त्यांनी त्याच संध्याकाळी केलं. आता दुकानात दिवसभर मराठी मालिकाच लागलेली असते. परवा एक नायिका रडायला लागली, तर आप्पा माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, “दुःखानं रडायलीय ती. नाही कळलं तर विचारत जा.”