पान लागलं

प्रणित मूळचा कोरपन्याचा. बाप सिमेंटच्या फॅक्टरीत पोती भरायचा, आणि पोराच्या फुफ्फुसात धूळ जाऊ नये एवढंच त्याचं मागणं होतं. पोरगा कॉम्प्युटरचा डिप्लोमा करून गडचिरोलीला लागला, एका ठेकेदाराकडे. जंगलातल्या आरोग्य केंद्रांची इंटरनेटची लाइन चालू ठेवायची, हे त्याचं काम.

काम समजावून सांगताना तो बोलायचा झकास. "व्हीपीएन म्हणजे रस्त्याच्या आत आपला खाजगी बोगदा," म्हणायचा. "बोगदा जुळला म्हणजे काम झालं असं नाई. सामान बोगद्यातून जाऊन राह्यलं का बाहेरून, ते पाहा लागते."

कोसमटोल्याच्या केंद्रात नेमकी हीच भानगड झाली. बोगद्याचा दिवा हिरवा होता, पण औषधांच्या मागणीचं पेज काही उघडत नव्हतं. त्या पेजकडे जाणारी माहिती बोगदा सोडून उघड्या रस्त्यानं जात होती आणि तिथं तिला कोणी दारात घेत नव्हतं. नर्स दिव्यानी लसीकरणाला गेलेली. फोनवर शिपाई मुखरू.

"पेज लोड झालं का, मुखरूभाऊ?"

"काय झालं?"

"पेज. पान हो, पान! पुस्तकाचं असते तसं."

"मंग असं मराठीत सांगा ना. नाई उघडलं पान."

दोघंही हसले. तेव्हापासून त्यांच्यात 'पान' हाच शब्द ठरला.

तेवढ्या एका पेजसाठी वेगळा मार्ग लिहायला वेळ लागला असता. केंद्रातली इंटरनेटची पेटी, म्हणजे राउटर, जुनी, अडून बसणारी. प्रणितनं सोपं केलं. केंद्रातलं सगळंच बोगद्यात वळवलं. बदल कच्चा होता. पेटी बंद करून चालू केली की जुना मार्ग परत आला असता. जेवून आल्यावर नीट करू, असं त्यानं ठरवलं.

या बदलाची दुसरी बाजू त्याला ठाऊक होती. गावात मोबाइलचा टॉवर नाही. केंद्राचा फोनही त्याच पेटीवर चालायचा. आता तो बाहेर कुठंच लागणार नव्हता. बोगद्याच्या दुसऱ्या टोकाला, प्रणितच्या टेबलावर मात्र लागणार होता. दुपारच्या वेळी कोण कुठं फोन करते, असं त्याला वाटलं.

थोड्या वेळानं घंटी वाजली. मुखरूचा आवाज तुटत होता.

"भाऊ... पान लागलं! पान लागलं, भाऊ!"

"लागलं ना? बरं झालं!" प्रणित खुश झाला. "आता त्या पेटीले कोणी हात नोका लावू. बंद तर करूच नोका."

त्यानं फोन ठेवला आणि जेवायला गेला.

आमच्याकडे, आणि धानाच्या बांधीत राबणाऱ्या कुठल्याही गावात, चावणाऱ्या जनावराचं नाव घेत नाहीत. नाव घेतलं की ते परत येतं म्हणतात. चुकून घेतलंच, तर त्याची वाट अडवायला उंबऱ्यावर राख टाकतात. माणसाला साप चावला तर 'पान लागलं' म्हणतात. प्रणितला हे लहानपणापासून माहीत होतं. त्याची आजी असंच बोलायची.

पान लागलं होतं सोमारीला, मुखरूच्या बायकोला. निंदणीला गेली होती. घोट्याच्या वर लागलं. बायांनी तिला उचलून केंद्रात आणलं. मुखरूनं घाबरून फोन फिरवले, लागला तो एकट्या प्रणितला.

दिव्यानी धावत आली. तिनं अँब्युलन्सचा नंबर लावला. लागला नाही. मोठ्या दवाखान्याचा लावला. नाही. पुन्हा प्रणितचा लावला. तो वाजत राहिला. ती पेटी बंद करून पाहायला उठली, तर मुखरूनंच तिचा हात धरला.

"बाई, नोका. साहेबानं हात लावू नोका म्हटलं."

मग मोटारसायकल. चालवायला मुखरू, मध्ये सोमारी, मागून धरायला तिचा भाऊ वारलू. नाल्याला पाणी होतं. मोठ्या दवाखान्याच्या अलीकडेच तिची मान वारलूच्या खांद्यावर पडली.

दुसऱ्या दिवशी प्रणित कोसमटोल्याला गेला. काय झालं ते दिव्यानीनं ओट्यावरच सांगितलं. तो तसाच मुखरूच्या घरी गेला. आत बाया रडत होत्या. मुखरू मांडवात बसला होता.

"साहेब," मुखरू म्हणाला, "एक इचारू? मी तुमचं काय वाकडं केलं होतं?"

"मुखरूभाऊ..."

"मी म्हटलं पान लागलं. तुम्ही म्हटलं बरं झालं. काऊन म्हटलं?"

प्रणितनं सांगितलं. पेज, पान, बोगदा, सगळं. तोंडातून निघताना त्याचं त्यालाच ते ऐकवेना. मुखरूनं सगळं ऐकलं. मधे एकदा 'हो' म्हटलं, फोनवर म्हणायचा तसंच.

"पेटी बंद केली असती तर अँब्युलन्सले फोन लागला असता?"

खोटं बोलता आलं असतं. वारलू बघत होता.

"लागला असता," प्रणित म्हणाला.

मुखरूनं स्वतःच्या हाताकडे पाहिलं. त्याच हातानं त्यानं दिव्यानीला थांबवलं होतं.

"मी चुकलो, भाऊ," प्रणित म्हणाला. "तुम्ही साप म्हटलं असतं तर मी..."

"नाव नोका घेऊ!" मुखरू ओरडला. मग आवाज उतरला. "घरात पोरी हायेत अजून."

आतलं रडणं थांबलं होतं. वारलूनं चुलीतली राख आणली आणि घराच्या उंबऱ्यावर, आडवी, पसरत गेला.