अण्णांचं 'अजून'

परदेशातल्या गिऱ्हाइकासाठी माझी मुलगी मी बनवलेल्या तंबोऱ्याची माहिती इंग्रजीत लिहीत होती. सूर किती चोख लागतो, ते त्याला शब्दांत हवं होतं.

"बाबा, 'इन ट्यून' लिहू?"

"एवढंच? उद्या म्हणेल, तेवढं तर सगळ्यांचंच असतं, भाव कमी करा!"

तिनं हसून मोबाइलवरचं सूर मोजायचं ॲप पुढे केलं. "काटा मधोमध आहे बघा. 'परफेक्टली इन ट्यून' लिहिते."

"काट्याला कान असतात का गं?" मी खेकसलो आणि तंबोरा पुढ्यात ओढला.

चोख सुराला इंग्रजीत शब्द असेलही. मराठीत तरी मी तो कुठे ऐकला होता? अण्णांकडे मी बारा वर्षं हे काम शिकलो. तारेखालचा सुती दोरा केसभर चुकला की ते म्हणायचे, "अजून." दुसरा शब्द नाही. शेवटचा तंबोरा त्यांच्यापुढे छेडला, तेव्हा ते डोळे मिटून ऐकत राहिले आणि काही न बोलता उठून आत गेले. तो अपमान मी गाठीशी बांधला. त्यांच्यासमोरच दुकान थाटलं, पुन्हा त्यांची पायरी चढलो नाही. अण्णा गेले, तरी माझा राग गेला नाही.

दोरा सरकवता सरकवता जागेवर बसला. चारही तारा एकमेकींत मिसळून खोलीभर घुमू लागल्या.

"बाबा, सांगा ना, काय लिहू?"

मला बोलवेना. माझे डोळे मिटलेले होते.

त्या दिवशी अण्णा 'अजून' म्हणाले नव्हते.