पेरणीची सरळ ओळ
टपाल कचेरीत लाख वितळल्याचा वास आला, की मला निजामाच्या राज्यातली जालन्याची छावणी आठवते. डोकं ठिकाणावर नाही, असा कागद देऊन पलटणीनं माझ्या भावाला लढाईवरून घरी पाठवलं होतं. त्याच्याकडं बैल एकच; पण त्या कागदामुळं गावात कुणी आपला बैल त्याच्या बैलाला जोडून सावड करेना. शेवटी माझ्या सासरचा बैल जोडून त्यानं पेरलं. मग मीच त्याला घेऊन बदनापूर स्टेशनात आगगाडीत बसले आणि छावणीत फेरतपासणी मागितली. डॉक्टरांनी विचारलं, "झोपेत ओरडतो का?" "ओरडतो," मी म्हटलं. "लढाई पाहून आलाय, साहेब. पण तिफण बराबर चालवतो. एक ओळ वाकडी न्हाई. शेतात येऊन पाहा, मंग लिहा." डोकं ठिकाणावर आहे, असं लिहिलेल्या नव्या कागदावर लाखेचा शिक्का बसेपर्यंत मी तिथून हलले नाही. पुढच्या पेरणीला शेजारी आपला बैल घेऊन दारात आला. भावाचं ओरडणं शेवटपर्यंत थांबलं नाही. ते मी आजही लपवत नाही.