बिनबैलाच्या गाडीला गोडं पाणी

ठाण्याच्या खाडीकाठी आमच्या गावात चैत्राच्या जत्रेला बैलगाड्यांची शर्यत व्हायची, आणि निकालाच्या रेषेवर रघू म्हात्रे उभा राहायचा. माणूस मिठागरात राबणारा, घरची जमीन हातभर. पण कुठली जोडी आधी आली हे तो सांगेल ती काळ्या दगडावरची रेघ. कल्याणकडचे, मोहन्याचे गाडीवान हरले तरी त्याच्याशी हुज्जत घालत नसत. शर्यत संपली की बैलांना पाणीही तोच पाजायचा, तेही आधी स्वतः घोटभर चाखून. खाडीकाठची विहीर कधी खारी होईल याचा नेम नाही, आणि दमलेल्या बैलाला खारं पाणी पाजणं आमच्याकडे पाप समजतात.

हा मान त्याच्याकडून काढून घेतला गेला, आणि काढून घेणाऱ्यांत माझा बाप आनंदा सगळ्यांत पुढे होता. लिहायला लाज वाटते, पण लिहितो. स्वतः न पाहिलेली गोष्ट खोटी ठरवायची आमच्या गावाला फार घाई असते.

झालं असं, की ठाण्यात बंगला असलेल्या सोराबशेठ नावाच्या पारशाला यंत्रांचा भारी नाद. अठराशे अठ्ठ्याण्णव साली पॅरिसहून हॉलंडला जाऊन परत येणारी बिनघोड्याच्या गाड्यांची शर्यत आहे असं त्याने वाचलं आणि बोटीचं तिकीट काढलं. बरोबर रांधणारा हवा. शेठचा जीव सुक्या बोंबलांवर, आणि बोंबील भाजावेत ते रघूनेच. अशा रीतीने आमचा मिठागरातला गडी बोंबलांचं गाठोडं घेऊन फ्रान्सला निघाला. बोटीवर चढवताना त्याची बायको तुळसा खूप रडली, पण गावात परतल्यावर महिनाभर मान ताठ ठेवून चालली.

शर्यतीच्या दिवशी शेठ आणि रघू पॅरिसपासून दूर एका खेड्याच्या वेशीवर उभे राहिले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना देशोदेशीचे लोक, छत्र्या, खाण्याच्या टोपल्या. शर्यत म्हटल्यावर रघूला राहवेना. त्याने जवळच्या खानावळीतून हातवारे करून बादली मागितली, विहिरीचं पाणी काढलं, चाखलं आणि बादली घेऊन रस्त्याच्या कडेला उभा राहिला. शेठने कपाळाला हात लावला. या गाड्यांना जनावर जुंपलेलं नसतं हे त्याने बोटीवर वीस वेळा सांगितलं होतं. रघूचं म्हणणं एकच, धावून आलेल्याला पाणी लागतंच. शेजारच्या मडमा तोंडावर रुमाल धरून हसल्या.

मग धूळ उठली. एक गाडी गेली, दुसरी गेली. कोण कोणाच्या किती पुढे हे रघू सवयीने मनात धरत होता. पाचवी गाडी खोकत आली आणि त्यांच्यासमोरच थांबली. तिच्या अंगातून वाफा निघत होत्या. धुळीने पांढरा झालेला गाडीवान उतरला आणि बादली दिसताच धावत आला. रघूने त्याला हाताने थांबवलं, त्याच्यादेखत पुन्हा एक घोट घेतला आणि मगच बादली दिली. गाडीवानाने बरंचसं पाणी गाडीत ओतलं, उरलेलं स्वतः प्याला, रघूच्या पाठीवर थाप मारली आणि गेला. मघाच्या मडमांनी टाळ्या वाजवल्या. शेठने आपली टोपी काढून रघूच्या डोक्यावर ठेवली.

दिवाळीच्या सुमाराला रघू एकटाच परतला. शेठ विलायतेत लेकाकडे राहिला, त्यामुळे साक्ष द्यायला कोणी नव्हतं. देवळापुढे बसून रघूने सगळं सांगितलं. बैलाशिवाय गाडी पळते इथपर्यंत लोकांनी ऐकून घेतलं, कारण आगगाडी सगळ्यांनी पाहिली होती. पण रुळाशिवाय, साध्या रस्त्यावर? आणि वर ती पाणी पिते? माझ्या बापाने पंचांसमोर विचारलं, ज्याला असलं काही दिसतं त्याच्या डोळ्यांवर रेषा सोपवायची कशी. पंच तसे दयाळू. थट्टा केली असं कबूल कर आणि रेषेवर उभा राहा, असं त्यांनी सुचवलं.

रघू म्हणाला, "बघलेलं मागं घेनार नाय. रेषा घ्या तुमची."

पुढच्या चैत्रात रेषेवर गोविंदा पाटील उभा राहिला. त्या दिवशी रघू मिठागरात कामाला गेला. गाव त्याला थापाड्या म्हणू लागलं, तुळसाला पाणवठ्यावर टोमणे बसू लागले. तरी त्याने एक शब्द बदलला नाही. मला या माणसाचा अभिमान वाटतो तो इथे.

त्याच्या पुढच्या वर्षी शर्यत सुरू होणार तोच मुंबईच्या रस्त्याने धूळ उठली. बैल बुजले, बाया पोरांना घेऊन पळाल्या. बिनबैलाची गाडी खोकत आली आणि मैदानाच्या कडेला वाफा सोडत थांबली. आतल्या साहेबाने पाणी मागितलं. सगळे तोंडात बोट घालून उभे. सगळ्यांआधी हलला तो माझा बाप. जवळच्या डबक्यातून त्याने घागर भरून आणली. तेवढ्यात आरडाओरडा ऐकून रघू मिठागरातून आला होता. त्याने घागर अडवली, चाखली आणि जमिनीवर रिकामी केली.

"खारं हाय, आनंदा. बैलाला देशील काय? देवलामागच्या विहिरीचं आन."

माझा बाप धावला. गोडं पाणी आलं, रघूने चाखलं, गाडी प्याली आणि ठाण्याकडे निघून गेली. गोविंदा पाटील आपणहून रेषेवरून बाजूला झाला, आणि मातीने भरलेल्या पायांनी रघू तिथे जाऊन उभा राहिला.

त्या दिवशी आमची जोडी धावत होती. मोहन्याच्या दगडूची आणि आमची, दोन्ही अगदी एकदम आल्या. आमचीच आधी आली असं निम्मं गाव ओरडत होतं. रघूने दगडूकडे हात केला. ओरडणारे माझ्या बापाकडे वळले.

बापाने बैलांच्या पाठीवर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "रघूनं बघलंय ना? मंग तसंच हाय."