आमाले

"इथला 'आम्हांस' कुठं गेला?" दगडावर बोट ठेवून शास्त्रीबुवांनी विचारलं.

"गाडीवानाच्या पाठीले लागून गेला," मी म्हणालो. खरं तेच होतं, पण त्यांना ते उद्धटपणाचं वाटलं.

मी दगडावर अक्षरं कोरणारा. त्याआधी अकोल्यात दारोदार हिंडून जात्या-पाट्यांना टाकी लावायचो, म्हणजे गुळगुळीत झालेला दगड ठोकून पुन्हा खरबरीत करून द्यायचो. अमरावतीचे म्हातारे पाद्री वारले, तेव्हा त्यांचं स्मारक बाजाराच्या रस्त्यावर उभं करायचं ठरलं. नव्या पाद्री साहेबांनी ते काम मला दिलं. मला अक्षरओळख म्हाताऱ्यांनीच करून दिली होती, अंगणातल्या धुळीत बोटाने. त्यामुळे हा दगड मी जिवापाड जपत होतो.

शिवाय वऱ्हाडात रेल्वे येऊ घातली होती. स्टेशनांच्या नावांचे दगड कोणाला द्यायचे, हे ठरवायला रेल्वेचा इंजिनियर परवा माझं काम बघायला येणार होता. पसंत पडलं तर मी कारागीर. नाही तर पुन्हा "टाकीऽऽ लावा" ओरडत गल्लोगल्ली.

मजकूर शास्त्रीबुवांचा. ते पुण्याचे, पाद्री साहेबांना मराठी शिकवायचे. तो मजकूर मी गेरूने दगडावर उतरवला होता. पुढं गेरूवरून छिन्नी चालवायची, डोकं चालवायचं नाही, असा आमच्या धंद्याचा नियम. दगड कडुनिंबाला टेकवून ठेवला होता. तिकडं अमेरिकेत लढाई, म्हणून मुंबईला आमच्या कापसाची हाव सुटलेली, आणि रस्ताभर कापसाच्याच गाड्या. मी भाकर खायला उठलो तेवढ्यात चांदूरचा एक गाडीवान दगडाला पाठ टेकून ऐसपैस बसला. तो उठला तेव्हा एक शब्द त्याच्या बंडीवर होता.

कागद शास्त्रीबुवांच्या घरी. मला सगळं पाठ आहे, असं म्हणून मी कोरलं. पाठ होतंही, फक्त माझ्या जिभेवर. दगडावर उमटलं, 'यांनी धर्मग्रंथ आमाले आमच्या बोलीत दिला.'

"पुसून टाक!" शास्त्रीबुवा ओरडले.

"पाटी नोहे ते, बुवा. खोदलेलं पुसत नाही."

सगळा दगड बोटभर तासायचा तर आठ दिवस हवेत. पाद्री साहेब म्हणाले, "नवीन दगड आणावा."

"कशावर आनू, सायब? साऱ्या गाड्या कापसाले जुंपल्या हायेत."

शेवटी शास्त्रीबुवांनी तोड काढली. त्या ओळीवर झेंडूचा जाड हार सोडायचा. पाद्री साहेब कडक प्रॉटेस्टंट. "आमच्या पंथात दगडास हार घालीत नाहीत," ते म्हणाले. मग त्यांनी 'आमाले'कडे पाहिलं आणि म्हणाले, "एक दिवस चालेल."

इंजिनियर आला त्या सकाळी बाजारची माणसंही जमली. हार आणला होता भातकुलीच्या गंगूबाई माळणीने. आपला हार दगडाच्या पोटावर लोंबताना पाहून ती भडकलीच.

"हार अक्षरांवर कावून घातला? असा घालतेत काय?"

मी हात पुढं करीपर्यंत तिने तो उचलून वर, दगडाच्या माथ्यावर घातला. "हं, आता वाचा. काय लिवून राह्यलं ते आमालेबी समजू द्या."

पाद्री साहेबांचा नाइलाज झाला. त्यांनी घसा खाकरला आणि जसं होतं तसं वाचलं.

गंगूबाई खळखळून हसली. "आमाले! बोलीत दिला म्हनते अन् लिवलंबी बोलीतच! हे बेस केलं. पुन्याच्या मानसानं लिवलं असतं तं मले काय समजलं असतं?"

सगळा बाजार हसला. शास्त्रीबुवा सोडून. इंजिनियरने काय झालं ते विचारलं. पाद्री साहेबांनी सांगितलं आणि सांगता सांगता त्यांनाच हसू आवरेना. धर्मग्रंथ ज्याच्या त्याच्या बोलीत मिळावा, हेच तर त्यांच्या पंथाचं जुनं भांडण होतं. इंजिनियरने अक्षरांच्या कडांवरून अंगठा फिरवला आणि मान हलवली. स्टेशनांचे दगड मला मिळाले.

"राहू दे तो शब्द," पाद्री साहेब मला म्हणाले. "म्हाताऱ्यांना आवडला असता."

धुळीत गिरवताना मी कितीदा 'मले' म्हटलं असेल, म्हाताऱ्यांनी एकदाही टोकलं नव्हतं.

शास्त्रीबुवा मात्र पुढं कितीतरी दिवस त्या दगडावरून जाताना मान फिरवायचे. तीनेक वर्षांनी ते माझ्या दारात उभे. बगलेत घरचा पाटा.

"एवढ्या पाट्याले टाकी लावून दे," म्हणाले.

आपण 'पाट्याले' म्हणालो, हे त्यांच्या लक्षातही आलं नव्हतं. छिन्नी काढली आणि पाटा असा झकास करून दिला, की विचारू नका.

बाकी धंद्यापुरतं मी एवढंच शिकलो. भाकर खायला उठायचं तर आधी दगडाभोवती काटे लावायचे.