विमानाची चाकं आणि माझी बैलगाडी

हसायचं नाही असं आधी कबूल करा, मगच सांगतो. आणि तो चहा जरा खाली ठेवा, नाहीतर नाकातून येईल. मी एकदा बैलगाडीला विमानाचा ब्रेक बसवला होता!

खोटं वाटतंय ना? आमच्या वडगाव निंबाळकरात कुणालाही विचारा. किंवा नकाच विचारू. विचारलंत तर तो माणूस संपतच्या बाजूनं सांगेल.

संपत म्हणजे माझा चुलत भाऊ. वयानं धाकटा, नशिबानं थोरला. त्याच्या विहिरीला आधी पाणी लागलं, त्याच्या म्हशीला सारख्या रेड्याच, त्याची बायकोसुद्धा हसतमुख! तेवढं सगळं मी गिळलं. पण नव्वद सालानंतरच्या एका हंगामात त्यानं मुंबईच्या भंगारातून विमानाची जुनी चाकं आणली आणि बैलगाडीला बसवली. तेव्हा माझ्या पोटात जे दुखायला लागलं, ते ओवा खाऊनही थांबेना.

त्या काळी ऊस वाहायच्या गाड्यांना अशी चाकं कुठं कुठं दिसायची. पण आमच्या वस्तीवर पहिली त्याची. लाकडी चाकावर जेवढा ऊस बैल तोंडाला फेस आणून ओढायचे, त्याच्या दीडपट ऊस त्याचे बैल रवंथ करत न्यायचे. लोक तर चाकाला हात लावून पाया पडायचे तेवढे बाकी होते.

मी खोड काढायची म्हणून वाकून बघितलं.

"संपत, फसला की रं! टायरला नक्षीच न्हाय. नुसत्या गोल रेघा."

"दादा, इमानाचं चाक इंजान फिरवत न्हाय. इमान पळतं पंख्याच्या जोरावर, चाक आपलं नुसतं गडगडतं. मग नक्षी कशाला? रेघा हायत त्या पाणी बाजूला साराया."

घ्या! म्हणजे चाकंही त्याची आणि अक्कलही त्याचीच.

आता खरी गोम ऐका. गळीत हंगाम सुरू व्हायच्या दिवशी आमच्या वस्तीवरच्या गाड्या नटून, रांगेनं कारखान्याला जायच्या. पहिल्या गाडीला फाटकावर हार, नारळ, गुलाल. ती पहिली गाडी माझ्या वडिलांपासून आमच्या घरची. त्या साली आबांनी, म्हणजे आमच्या भावकीतल्या सगळ्यात थोरल्या चुलत्यांनी, पारावर सांगून टाकलं, "औंदा संपतची गाडी फुडं."

मी ताडकन उठलो. "आबा, ती चाकं लई पळत्यात. भरली गाडी कालव्याच्या उताराला बैलांच्या मानंवर ईल. मुकं जनावर मरंल की!"

बैलांची मला काळजी होती असं समजू नका. मी जळत होतो.

पण आबांना ते पटलं. "मग आसं करा. कालव्याच्या पुलावरनं खाली येताना ज्याच्या बैलांच्या मानंला भार बसणार न्हाय, त्यो फुडं."

घरी आलो आणि मंगलला सांगितलं. मंगल म्हणजे आमचं कुटुंब.

"मग झालं की वो," ती भाकरी थापता थापता म्हणाली. "आपली लाकडाची चाकं हायत. ती पळतच न्हाईत, मग भार कुठनं यायचा? तुमीच फुडं."

बाईचं शंभर टक्के बरोबर होतं! काही न करता मी जिंकलो होतो. पण मला नुसतं जिंकायचं होतं का हो? मला संपतपेक्षा मोठं विमान पाहिजे होतं!

मी पुण्याचा जुना बाजार पालथा घातला आणि चाकं आणली. संपतच्या चाकांपेक्षा वीतभर उंच. आणि नुसती चाकं नाहीत, आतल्या ब्रेकसकट! संपतच्या गाडीला ब्रेक कुठं होता?

ते धूड घेऊन मी बारामतीत बबन मिस्त्रीकडं गेलो. हा गडी पूर्वी लष्कराच्या विमानांच्या कार्यशाळेत होता, आता ट्रॅक्टर दुरुस्त करायचा. त्यानं चाक उघडून दाखवलं. आत ताटांची चळत लावावी तशा लोखंडी चकत्या. एक चाकाबरोबर फिरणारी, एक जागेवर घट्ट, परत एक फिरणारी, परत एक घट्ट.

"ह्या चकत्या तेलाच्या दाबानं एकमेकींवर आवळत्यात," बबन म्हणाला. "इमान केवढं, त्याचा जोर केवढा! तरी थांबतं. पण ज्ञानबा, इमानात आनिक एक यंत्र असतं. चाक जाम व्हाया लागलं की ते दाब सोडतं, परत धरतं. आपल्याला ते मिळालं न्हाय. तवा पाय नुसता टेकवायचा. दाबायचा न्हाय."

"व्हय व्हय," मी म्हणालो. माझं लक्ष कुठं होतं? मी मनात संपतचं तोंड बघत होतो.

बबननं जुन्या जीपचा ब्रेकचा पायडल आणून माझ्या बसायच्या जागेपुढं जोडला. बैलगाडीला पायडल! मी दोन दिवस त्याच्यावर फडकं मारत होतो.

हंगामाचा दिवस उजाडला. आबांची अट लक्षात ठेवून मी आणखी एक शहाणपणा केला. ऊस मुद्दाम गाडीच्या मागच्या अंगाला जास्त भरला. मागं वजन गेलं की पुढं बैलांच्या मानेवर कशाला येतंय? बघितलंत, डोकं कसं चालतं माणसाचं!

पुलावर आधी संपत. पलीकडं उताराच्या खाली आबा आणि सगळं गाव. संपतनं काय केलं, तर एक जाड ओंडका दोरानं बांधून गाडीच्या मागं फरफटत सोडला. झालं! गाडी नवरीसारखी हळूहळू उतरली. मानेवर भार असेल तर तो किंचित. लोकांनी शिट्ट्या मारल्या. कुणीतरी ओरडलं, "ह्याला म्हंत्यात डोकं!"

ओंडक्याला डोकं? आणि माझ्या विमानाच्या ब्रेकला काय मग?

माझी गाडी पुलाच्या मध्यावर आली होती. उतार अजून लांब होता. पण मला दम निघेना. म्हटलं, ही शिट्ट्या मारणारी तोंडं इकडं वळलीच पाहिजेत. मी जोरात ओरडलो, "बघा रं, ब्रेक कसा असतो!" आणि पायडलवर दोन्ही पाय देऊन उभा राहिलो.

कसला ब्रेक तो! चाकं जागच्या जागी, खिळा ठोकल्यासारखी. पण ब्रेक चाकांना होता, बैलांना नव्हता. चंद्र्या आणि गुलब्या आपल्या तंद्रीत चालले होते. त्यांना वाटलं, गाडी खड्ड्यात अडकली. त्यांनी गुणी जनावरासारखा जोर लावला. गळ्यातले पट्टे तटातट तुटले आणि बैल मोकळे!

आता पुढं धरून ठेवणारं कुणी नाही आणि ऊस सगळा मागं. गाडी उलाळली. मागचं बूड धाडकन टेकलं आणि पुढचं तोंड माझ्यासकट वर! मी जुवाला मिठी मारून आभाळात. खाली कालवा, वर देव.

तिथून मला सगळं छान दिसत होतं. माझे बैल मागं वळूनसुद्धा न बघता डुलत डुलत उतार उतरले आणि संपतच्या गाडीजवळ जाऊन उभे राहिले.

लोकांनी मला शिडी लावून उतरवलं. गाडी हलवायला गेले, तर चाकं फिरेनात. आत गंज होता. चकत्या आवळल्या त्या सुटायचं नावच घेईनात. आणि मागं वस्तीवरच्या सगळ्या गाड्या अडकलेल्या. करायला गेलो गणपती अन् झाला मारुती! बबनला आणायला माणूस पाठवला.

मी मान खाली घालून आबांपुढं गेलो. "आबा, संपतला न्या फुडं. हरलो मी."

आबा गंभीर माणूस. त्यांनी माझ्या बैलांच्या मानांवरून हात फिरवला.

"हरला कसा? अट काय हुती? उतरताना मानंला भार नको. तुझ्या बैलांच्या मानंला गुंजभर भार न्हाय. मान तुझ्या घरचाच, ज्ञानबा."

लोक हसून हसून वाकले. आबा मात्र हसले नाहीत आणि शब्दही मागं घेतला नाही.

मग पुलाच्या अलीकडं अडकलेल्या गाड्या सोडून उरली तेवढी रांग निघाली. सगळ्यात पुढं माझे चंद्र्या आणि गुलब्या, शिंगांना फुगे बांधून, रिकाम्या मानेनं. त्यांच्या मागं संपत. आणि मी पुलावर, आडव्या पडलेल्या उसात, बबनची वाट बघत.

फाटकावरचं मंगलनं मला संध्याकाळी सांगितलं. कारखान्याच्या साहेबांनी बैलांना हार घातले, गुलाल लावला, नारळ फोडला. मग इकडं तिकडं बघून विचारलं, "अहो, ह्या बैलांचे मालक कुठं आहेत?"

संपतनं हात जोडले म्हणे. "सायेब, मालक इमानतळावर अडाकल्यात. त्यांचं इमान सुटलं न्हाय अजून."