टेकाडावरची रानहळद

ये गं, अशी जवळ बस आणि थोडी बोलणी खा. फोनवर नुसतं "येते मावशी, येते" म्हणतेस. फुलं का तुझ्यासाठी थांबणार आहेत?

काल घरामागच्या टेकाडावरचं रानहळदीचं फूल रद्दीत दाबून ठेवलं. आज उघडलं तर फूल नाहीच, नुसता पिवळा ओलसर डाग. आलं-हळदीचं कुळच असं. पानं वाळून टिकतात, फूल विरघळून जातं.

तू झाडाझुडपांचा अभ्यास करतेस; तूच सांगितलंस, शास्त्रातलं नाव जपून ठेवलेल्या एका रोपाला बांधलेलं असतं, शंका आली की त्याच्याशी ताडून बघायचं. पण या टेकाडावरून पूर्वी नेलेल्या त्या रोपाचं फूलच उरलेलं नाही, आणि पानं तर रानहळदीच्या बहिणींचीही, म्हणजे जवळच्या इतर जातींचीही, तशीच. मग ते नाव कुणाचं म्हणायचं?

मला आमची कुसुम आठवते, लहानपणीच गेलेली माझी धाकटी बहीण. तिचा फोटो नाही. आई होती तोवर विचारता यायचं. आता नाव तेवढं माझ्या तोंडी आहे, आणि चेहरा आठवू गेलं की तुझाच येतो.

रस्त्यासाठी टेकाड कापताहेत. जेसीबीवाला म्हणाला, "आजी, हळद बाजारात मिळते की." ही मिळत नाही रे, म्हटलं. तो हसला.

वरच्या अंगाला दोन तुरे अजून उमलायचे आहेत. मी छत्री घेऊन त्यांच्यापाशी बसते, पण माझ्याच्याने ते यंत्र कितीसं थांबणार? फूल न विरघळता टिकवणारी तुझी ती स्पिरिटची बाटली घे आणि लवकर वर चल, बाई.